मॅटवर सोडलेले बूट

ते साल दोन हजार चोवीस. फेब्रुवारी निम्मा सरला होता आणि मक्याच्या रानातला बर्फ फक्त कुंपणाच्या कडेकडेने उरला होता. अमेरिकेतल्या ब्लफ क्रीक गावात त्या सालाबद्दल विचारलं तर कुणी निवडणुकीचं सांगेल, कुणी मक्याच्या पडलेल्या भावाचं. मूळच्या चेक कुचेरांच्या घरात मात्र ते साल एकाच गोष्टीवरून ओळखतात. त्या साली अँटनने बूट सोडले.

कुस्तीगीर एकदाच बूट सोडतो. शेवटची लढत झाली, आता पुन्हा खेळायचं नाही असं ठरलं, की तो मॅटच्या मधोमध बसतो, नाड्या सोडतो, बूट तिथेच ठेवतो आणि मोज्यांवर चालत निघून जातो. ब्लफ क्रीक कॉलेजात याच्या पुढचीही एक रीत होती. दिवे मालवण्याआधी कोचने ते बूट उचलायचे आणि तालमीच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगायचे. एकदा खिळ्याला लागले की ते खाली येत नसत. पहिला जोड एमिल कुचेराचा, ज्याने धान्याच्या कोठारात भुसा पसरून ही तालीम सुरू केली होती. त्याच्या पुढे वर्षावर्षाचे बूट, चुरगळलेले, पिवळे पडलेले, भिंतभर. त्यात एमिलच्या दोन्ही मुलांचे होते, लेनचे आणि रेमंडचे.

लेनचा मुलगा अँटन तेव्हा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होता. त्याचं अजून एक वर्ष बाकी होतं आणि विभागीय स्पर्धा दोन आठवड्यांवर आली होती. गुरुवारी कॉलेजने जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून कुस्ती बंद, आणि तालमीच्या जागी नव्या फुटबॉल संघाची व्यायामशाळा. शनिवारी घरच्या मैदानावरची शेवटची लढत अँटनने जिंकली, पंचाने त्याचा हात वर केला, आणि तो खाली बसून नाड्या सोडू लागला. बाकांवरच्या लोकांना आधी वाटलं, पायाला लागलंय. मग ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

कोच त्याचा बापच होता. लेनने ते बूट उचलले नाहीत. कोट खांद्यावर टाकला आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चर्च आटोपून रोझली आईच्या मळ्यावर पोचली, तेव्हा तिला आधी वास आला आणि मग अँटनची प्लेट दिसली. ती लेनची थोरली बहीण, गावातल्या बँकेची व्यवस्थापक, आणि गेली वीस वर्षं कॉलेजच्या विश्वस्त मंडळावर. मंडळाच्या बंद दारामागे काय झालं होतं हे त्या टेबलाभोवती तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

प्लेटमध्ये भाजलेलं डुकराचं मांस होतं, आंबवलेली कोबी होती, आणि वाफवलेल्या पिठाच्या मऊ गोळ्यांचे, क्नेडलिकींचे, जाड काप होते. अँटन जेवत होता. सावकाश, नीट, रस्सा पुसून पुसून. लहानपणापासून फेब्रुवारीत हा मुलगा वजनाच्या गटात बसण्यासाठी दोन घास खाऊन उठायचा. त्याची आई डेनिस, गावच्या इस्पितळातली नर्स, समोर बसून त्याच्या हातातल्या काट्याकडे असं बघत होती, जसं ती इस्पितळात रोग्याच्या छातीकडे बघत असेल.

"अजून वाढू?" लिबीने विचारलं. ही एमिलची विधवा, ऐंशी ओलांडलेली. नातवंडं तिला बाबी म्हणत.

"वाढ ना, बाबी."

"बघा. इतकी वर्षं फेब्रुवारीत मी या पोराला वाढते आणि हा वास घेऊन उठतो. आज जेवतोय, तर तुम्ही सगळे मयताला आल्यासारखे बसलाय."

"मयतच आहे, आई," लेन म्हणाला. त्याने स्वतः काही घेतलं नव्हतं.

रोझलीने कोट काढला. तिच्या जागेवर रेमंड बसला होता. सगळ्यांत धाकटा, नांगर आणि पेरणीयंत्रं विकणारा, डोक्यावर कॉलेजात नव्याने येणाऱ्या फुटबॉल संघाची टोपी. फुटबॉलच्या मैदानावर नवा गुणफलक उभा राहणार होता आणि त्याच्यावर रेमंडचं नाव लागणार होतं, कारण पैसे त्याचे होते.

"टोपी काढ," लिबी म्हणाली.

"थंडी आहे, आई."

"घरात नाही. आणि जेवताना तर मुळीच नाही."

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "हे बघ लेन, मला वाईट वाटत नाही असं नाही. पण डोळे उघडून बघ जरा. त्या मोठ्या विद्यापीठांना टीव्हीवाल्यांचे पैसे येतात. ती आता खेळाडूंना उघड उघड पगार देतात. त्यांच्यापुढे आपण कोण?"

"आपण कोण ते मला माहीत आहे," लेन म्हणाला. "मागच्या वर्षी माझे दोघं नेले त्यांनी. दोघंही चौदा वर्षांचे असताना मी शोधलेले. एकाला तर लढताना कान कसा झाकायचा तेही येत नव्हतं. आपण वासरू पाळायचं, दूध पाजायचं, रात्री उठून बघायचं, आणि बाजाराच्या दिवशी कुणी तरी येऊन दोर सोडून न्यायचा. निदान बाजारात वासराचे पैसे तरी मिळतात रे."

"मग अँटनला द्या ना जाऊ. त्यांच्यातल्या एका विद्यापीठाने शरद ऋतूतच फोन केला होता. तुझ्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त देत होते."

"तो जाऊ शकतो. मी कधी अडवलं?"

"मी नाही म्हणालो होतो, काका," अँटन म्हणाला. त्याने मान वर केली नाही. "मला इथेच खेळायचं होतं. आता इथे काही नाही. विषय संपला."

"संपला कसा? तिथे खेळ."

"मी बूट सोडले."

रेमंडने गुडघ्यावरची टोपी उलटी केली. तो फुटबॉलचा झाला होता, पण त्याचे बूट भिंतीवर होते. बूट सोडून पुन्हा मॅटवर आलेल्या माणसाला त्या भागात काय म्हणतात ते त्याला ठाऊक होतं.

डेनिस हळूच म्हणाली, "दोन आठवडे राहिलेत. निदान विभागीय तरी. बाकीच्या पोरांनी काय केलंय?"

"बाकीच्यांनी स्वतःचं बघावं."

"हे तू नाही बोलत आहेस," डेनिस म्हणाली. "हे त्या क्नेडलिकी बोलतायत."

लिबीने पावाच्या टोपलीवरचं फडकं नीट केलं आणि विचारलं, "पण हे ठरवलं कुणी? त्या नव्या अध्यक्षाने?"

"मंडळाने, आई," रेमंड म्हणाला. "रेडिओवर सांगितलं. एकमताने."

"एकमताने म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांनी."

लिबीने फडकं सोडलं. टेबलाभोवतीच्या माना एकेक करून रोझलीकडे वळल्या. अँटनची सगळ्यांत शेवटी वळली.

रोझलीने दोन दिवस या क्षणाची तयारी केली होती. मोटारीत वाक्यं जुळवली होती. आता त्यातलं एकही आठवेना.

"हो," ती म्हणाली. "मीपण हात वर केला."

लेनने खुर्ची जराशी मागे सरकवली, इतकंच. "आणि मला फोन करता आला नाही तुला?"

"आमच्याकडून कबूल करून घेतलं होतं. जाहीर होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही."

"मी बाहेरचा?"

"लेन..."

"नाही, विचारतोय. बाबांची तालीम, माझं काम, तुझा भाचा. यातलं बाहेरचं कोण?"

आणि मग रोझलीच्या आत इतके दिवस दाबलेलं जे होतं ते वर आलं. ती लाज नव्हती. तो संताप होता, आणि तो कुणाकुणावर आहे हे तिलाच नीट कळत नव्हतं.

"तू तिथे बसून दाखव एकदा," ती म्हणाली. "पडदा लावतात आणि चित्रं दाखवतात. फुटबॉल आणला तर फी भरणारी शंभर पोरं येतील, कुस्तीला येतात तीस. यंदा कुस्ती बंद केली नाही तर नर्सिंगचा विभाग बंद. डेनिस जिथे शिकली तो. गावच्या इस्पितळातल्या निम्म्या नर्सा जिथून येतात तो. आमच्यासमोर दोन लेकरं उभी केली आणि म्हणाले, कुणाला बुडवायचं ते तुम्हीच सांगा, आमचं काही म्हणणं नाही. आणि हे कुणामुळे? तिकडे दूर कुठे तरी कुणी एका पोराला लाखो डॉलर देतं, आणि इकडे दोनशे मैलांवर आम्ही घाबरून मोठ्यांची नक्कल करतो. बेडकी फुगते तसं. मी नर्सिंग वाचवलं. मला वाटलं, वाचवलं."

"आणि त्या फुटबॉलसाठी गुणफलक कुणी दिला?" डेनिसने रेमंडकडे न बघता विचारलं.

"मला काय माहीत होतं कुस्तीच्या जागेवर चाललंय ते?" रेमंड म्हणाला. "मला सांगितलं, आधीपासून जे आहे ते राहील, हे वरून येईल."

"तुम्ही दोघं," लिबी म्हणाली, "एमिलची पोरं. एकीने हात वर केला, एकाने दिवे लावले."

एवढं बोलून ती उठली आणि उगाचच चुलीवरचं भांडं ढवळू लागली. अँटनने काटा ठेवला. त्याचा आवाज इतका शांत होता की रोझलीला वाटलं, त्याने ओरडलं असतं तर बरं.

"आत्या, मला तुझा राग नाही. खरंच. मी सुटलो." आणि त्याने आणखी एक काप घेतला.

रोझली त्या कापाकडे बघत राहिली. मुलगा एकवीस वर्षांचा. तिच्या हातामुळे याने बूट सोडले आणि आता हा जेवत होता. बाकी सगळं पुढेमागे निस्तरता आलं असतं, हे नसतं आलं.

"बूट कुठे आहेत?" तिने लेनला विचारलं.

"जिथे त्याने ठेवले तिथे."

"तू उचलले का नाहीस?"

"उचलले की खिळा ठोकावा लागतो." लेन खिडकीबाहेर बघत होता. "मी पोराच्या नावाचा खिळा एक वर्ष आधी ठोकणार नाही. राहू देत मॅटवर. बघू देत त्यांना. सोमवारी कामाला येतील तेव्हा त्या बुटांना वळसा घालून जावं लागेल."

रोझलीने कोट घातला. "जेवण गार होईल," लिबी चुलीपाशी पाठ करूनच म्हणाली. म्हणजे परत ये.

कॉलेजच्या मोठ्या हॉलची दारं उघडी होती. मॅट नव्हती. ती गुंडाळून भिंतीकडेला उभी केली होती आणि जिथे काल अँटन बसला होता तिथे पांढरी कापडं घातलेली गोल टेबलं होती, मधोमध फुलं, प्रत्येक खुर्चीवर फुटबॉल संघाची टोपी. संध्याकाळी देणगीदारांचं जेवण होतं. कॉलेजचे अध्यक्ष व्हिटकॉम्ब स्वतः नावांच्या पाट्या लावत होते. सभ्य माणूस. रोझलीला बघून त्यांनी हात पुढे केला.

"तुम्ही लवकर आलात."

"मी जेवणाला नाही आले. काल मॅटवर बूट होते."

"हो, हो. कामगारांना सापडले." ते मनापासून मदत करायला निघाले. "काळजी नको, अगदी सुरक्षित आहेत. हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात."

रोझली त्यांच्याकडे बघत राहिली. "हरवलेल्या?"

"कुणी तरी विसरून गेलं असावं. मुलं फार विसरतात."

त्या माणसाच्या चेहऱ्यावर तिने शोध शोध शोधलं. टोमणा नव्हता. दुष्टावा नव्हता. त्यांना ठाऊकच नव्हतं. शनिवारी ते पहिल्या रांगेत बसले होते, एका मुलाने साऱ्या गावासमोर आपलं आयुष्य काढून खाली ठेवलं, आणि यांना वाटलं तो बूट विसरला.

"ते विसरलेले नव्हते," ती म्हणाली. "ते ठेवलेले होते."

"अच्छा," अध्यक्ष म्हणाले, आणि हातातल्या पाटीकडे बघून विचारलं, "तुमचे भाऊ रेमंड शाकाहारी नाहीत ना?"

खोकं शिपायाच्या खोलीत होतं. त्यात एक हातमोजा, पोहण्याचा चष्मा, बिनझाकणाची पाण्याची बाटली, आणि तळाशी अँटनचे बूट, एकात एक कोंबलेले. तालमीच्या दारावर कुलूप होतं, पण काचेतून तिला आत शिडी दिसली आणि भिंतीवर निम्मे खिळे मोकळे. खाली पुठ्ठ्याची खोकी होती.

ती मळ्यावर परत आली तेव्हा कॉफी आणि कोलाची, खसखस भरलेले छोटे गोड पाव, टेबलावर आले होते. तिने बूट सरळ अँटनच्या प्लेटशेजारी ठेवले.

"येझिशमारिया," लिबी छातीवर क्रूस करत म्हणाली. "जेवणाच्या टेबलावर बूट? असला अपशकुन करून घरात कुणाला मारायचंय?"

"तू उचललेस?" लेन उभा राहिला. "तुला अधिकार कुणी दिला? कोचनेच उचलायचे असतात."

"मी मॅटवरून नाही उचलले. मॅट गुंडाळली. हे हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात होते. एका हातमोज्याखाली."

लेन परत खाली बसला.

"त्यांना कळलंच नाही, अँटन," रोझली म्हणाली. "तो माणूस पहिल्या रांगेत होता. त्याला वाटलं, तू विसरलास."

अँटनच्या कानापर्यंत रक्त चढलं. "मी त्यांच्याकडे बघत सोडले," तो म्हणाला. "त्यांच्या डोळ्यांत बघत. मला वाटलं, लाज वाटेल."

"लाज वाटायला वाचता यावं लागतं," लिबी म्हणाली. "तू पोरा, आंधळ्याला पत्र लिहिलंस."

"आणि भिंतीवरचे उतरवतायत," रोझलीने रेमंडला सांगितलं. "पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरतायत. तुझेपण."

रेमंडचा कप बशीवर आपटला. "माझे? माझे कुठे नेतायत?"

"तेही हरवलेच असतील."

"मी त्या बुटांत नाक मोडून घेतलंय," रेमंड म्हणाला. त्याचा आवाज पार बदलला होता. "बाबांचे? बाबांचे कुठे आहेत?" त्याने गुडघ्यावरची टोपी उचलली, ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना, शेवटी चुलीशेजारच्या लाकडांच्या पेटीत टाकली. "लेन, शिडी आहे ना तुझ्या पिकअपमध्ये? चल."

"थांब," लेन म्हणाला. तो मुलाकडे बघत होता. वीस वर्षांत घरातल्या कुणी त्याला कुणाला विनवताना पाहिलं नव्हतं, आणि आत्ताही तो विनवत नव्हता. "खिळा मारलेला नाही," तो म्हणाला. "माझ्या हिशोबी बूट सुटतात ते खिळ्याला लागल्यावर. कॉलेजच्या हिशोबी ते हरवले होते. हरवलेली वस्तू ज्याची त्याने न्यायची असते. बाकी तुझं तू बघ."

अँटनने बूट हातात घेतले, एकातून एक काढले, आतली जीभ सरळ केली. मग प्लेट पुढे ढकलली. त्यात अर्धा काप उरला होता.

"किती भरलं असेल माझं?"

"एकशे सत्तर," डेनिस म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पँट सोडून."

त्याचा गट एकशे सत्तावन्न पौंडांचा होता. तो उठला, एमिलचा जुना जाड कोट खुंटीवरून काढून स्वेटरवर चढवला, त्यावर रेमंडचा, आणि खडीच्या रस्त्यावर धावत सुटला. मागून लेनची पिकअप हळूहळू निघाली, शिडी खडखडत. रेमंड सदऱ्यावरच शेजारी बसला, "माझा कोट घामाने भिजवलास तर बघ" असं खिडकीतून ओरडत.

लिबीने ती प्लेट उचलली. "पहाटेपासून उभी राहून केल्या मी या," ती म्हणाली. "आणि हा पळून जिरवतोय." मग रोझलीकडे बघून, "तू बस. तुझं ताट झाकून ठेवलंय."

विभागीय स्पर्धा अँटनने जिंकली. राष्ट्रीय स्पर्धा एका भाड्याच्या मोठ्या सभागृहात झाली. तिथे उपान्त्य फेरीत तो एका गुणाने हरला आणि तिसऱ्या क्रमांकाची लढत जिंकून आला. ती ब्लफ क्रीकची शेवटची कुस्ती. ती संपल्यावर तो मॅटच्या मधोमध बसला आणि त्याने एकच बूट काढला. डावा. असं कधी कुणी केलं नव्हतं. एका पायात बूट, एका पायात मोजा, असा तो चालत गेला. तिथला एक अधिकारी बूट हलवायला धावला, तेव्हा लेनने त्याला हाताने बाजूला केलं आणि तो उचलला.

पुढच्या हंगामाला अँटन त्या मोठ्या विद्यापीठात गेला, पैसे घेऊन. घरात कुणी बोल लावला नाही, लेननेच त्याला पोचवलं. नाताळात त्याचा खांदा निखळला. बरा होईपर्यंत त्यांनी त्याच्या जागी दुसरा विकत आणला होता. हंगाम संपल्यावर त्यांनी दिलेले बूटसुद्धा परत मागितले. आता तो शेजारच्या परगण्यात शाळामास्तर आहे आणि पोरांना कुस्ती शिकवतो.

रोझलीने मंडळाच्या पुढच्या बैठकीत आपलं मत बदलून लिहा म्हणून सांगितलं. तसं लिहिता येत नाही, असं उत्तर मिळालं. तिने तिथेच राजीनामा दिला. ज्यासाठी हात वर केला होता तो नर्सिंगचा विभाग दीड वर्षात बंद झालाच. व्हिटकॉम्ब त्याआधीच एका मोठ्या कॉलेजात गेले होते. रेमंडने गुणफलकावरचं नाव काढा म्हणून भांडून पाहिलं. करार पक्का निघाला. शरद ऋतूत शनिवारी संध्याकाळी ते नाव अजून मैलभरावरून दिसतं, आणि त्याची बायको त्याला मुद्दाम त्याच रस्त्याने नेते.

कॉलेजने विकायला काढलेली मॅट रोझलीने घेतली. ती मळ्यावरच्या यंत्रांच्या गोदामात पसरली आहे. तिथे लेन आठवड्यातून चार दिवस गावातल्या पोरापोरींना शिकवतो, फुकट. त्या रविवारी खोक्यांतून परत आणलेले सगळे बूट तिथल्या भिंतीवर आहेत. डेनिस अजून इस्पितळातच आहे, पोरं मुरगळली की येते. लिबी त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात गेली, झोपेत.

पण ती असतानाच, एका एप्रिलमध्ये, अँटन विद्यापीठातून कायमचा घरी आला. गोदामात लेनने दोन खिळे शेजारी शेजारी ठोकले होते. एकावर डावा बूट वर्षभर लटकत होता, दुसरा खिळा रिकामा. पोरं विचारायची, तेव्हा लेन म्हणायचा, जागा आहे कुणाची तरी. अँटनने पिशवीतून उजवा बूट काढला. तो त्याने तिकडे एकदाही घातला नव्हता. लेनने शिडी धरली, रोझलीने दिवा धरला, आणि त्याने नाडी खिळ्याला बांधली.

दारापाशी खुर्ची टाकून लिबी बसली होती, मांडीवर झाकलेलं पातेलं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं, बाबी."

"मग आता जेव."